पुन्हा उगवलेली पानथरी

माणसाच्या शरीरातला एखादा अवयव शस्त्रक्रिया करून काढून टाकला की तो कायमचा गेला, अशी आपणा सर्वांची समजूत असते. बोट तुटले, मूत्रपिंड काढले, तर त्या जागी पुन्हा काही उगवत नाही. पानथरीच्या बाबतीत मात्र हा नियम नेहमीच खरा ठरत नाही. अपघातात फुटलेली पानथरी डॉक्टरांनी काढून टाकल्यावरही तिचे बारीक कण पोटात इकडेतिकडे रुजतात, वाढतात आणि कधी कधी वीस-पंचवीस वर्षांनी कोणाच्या तरी नजरेस पडतात. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला ‘स्प्लिनोसिस’ असे नाव आहे.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर शास्त्राच्या पुस्तकाला मी हात लावलेला नव्हता. अशा मुलाने वैद्यकीय विषयावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी हा शब्द आमच्या घरात आला आणि घरात इंग्रजी कागद वाचू शकणारा मी एकटाच असल्यामुळे तो समजून घेण्याचे काम माझ्याकडे आले. ते करताना जे कळले ते आपल्यापुढे ठेवत आहे.

आमच्या घरची हकीकत

२००३ सालच्या गळीत हंगामात, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी, आमच्या वडिलांना (त्यांना आम्ही आबा म्हणतो) अपघात झाला. उसाने भरलेली ट्रॉली ओढ्याच्या वळणावर उलटली. आबा मोळ्यांवर बसले होते, ते खाली सापडले. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या आणि आत पानथरी फुटली. शहरातल्या एका दवाखान्यात रातोरात शस्त्रक्रिया झाली व पानथरी काढून टाकली. आबा वाचले. छातीखालपासून बेंबीखालपर्यंत टाक्यांची एक लांब खूण तेवढी राहिली. लहानपणी मला ती गोम वाटत असे.

गेल्या वर्षी आबांच्या पोटात दुखू लागले म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली. मुतखडा निघाला. पण त्याबरोबर पोटात सुपारीएवढ्या सात-आठ गाठी असल्याचेही निघाले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी सी.टी. स्कॅन केला. त्याच्या अहवालात, या गाठी कर्करोगाच्या असू शकतील, सुईने तुकडा काढून तपासावा, असे लिहिले होते. आमच्याकडे ‘गाठ’ हा शब्द ऐकल्यावर माणसे पुढचे काही ऐकत नाहीत. आत्या येऊन रडून गेली. आईने म्हशीचा सौदा बोलून ठेवला. आबांनी माझ्याजवळ फक्त एवढेच विचारले, की तुझ्या परीक्षेची फी भरून झाली का.

तुकडा काढण्यापूर्वी एका वयस्कर शल्यचिकित्सकांना दाखवावे, असे कोणी सुचवले म्हणून आम्ही गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवून आधी आबांना तपासणीच्या टेबलावर निजवले. सदरा वर केला आणि विचारले, “अहो, हे टाके कशाचे?”

“पानथरी काढलीया, डॉक्टरसाहेब. लई वर्सं झाली.”

“मग हे आधी सांगितलं नाहीत कुणाला?”

“कुणी इचारलंच न्हाई.”

मग डॉक्टरांनी तो अहवाल पुन्हा वाचला. पानथरी जागेवर दिसत नाही, असे त्यात एका ओळीत लिहिलेलेच होते. त्या ओळीचा आणि खालच्या गाठींचा संबंध कोणी जोडला नव्हता. “तुकडा काढायची घाई करू नका,” ते म्हणाले. “ह्या गाठी म्हणजे तुमची पानथरीच असेल.” आबा माझ्याकडे बघू लागले, आणि मी डॉक्टरांकडे.

पानथरी करते काय?

पानथरी, म्हणजे संस्कृतातली प्लीहा, पोटाच्या डाव्या बाजूस वरच्या अंगाला असते. तिच्यावर नवव्या ते अकराव्या बरगडीचे आवरण असते आणि जठर व डावे मूत्रपिंड हे तिचे शेजारी. रंगाने जांभळट, आकाराने मुठीएवढी, वजनाला सुमारे दीडशे ग्रॅम. चरकसंहितेत रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचे मूळ म्हणून यकृताबरोबर प्लीहेचे नाव घेतलेले आहे. तेव्हा तिचे रक्ताशी काही नाते आहे हे आपल्या जुन्या वैद्यांनी ओळखले होते. नेमके काम कोणते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

पानथरी कापली तर आत दोन प्रकारचा गर दिसतो, तांबडा आणि पांढरा. तांबड्या गराचे काम रक्त गाळण्याचे. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. पानथरीतून जाताना त्यांना अतिशय अरुंद फटींतून अंग चोरून निघावे लागते. तरुण पेशी लवचीक असते, ती निसटते. म्हातारी पेशी ताठर झालेली असते, ती अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. तिच्यातले लोह वाया जात नाही, ते नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. एखाद्या पेशीत नुसताच नको असलेला कण राहिला असेल तर पानथरी तो कण तेवढा काढून घेते आणि पेशी पुढे सोडून देते. आपल्या घरातल्या बाया सुपात धान्य पाखडून खडे वेचतात, त्याच जातीचे हे काम आहे. पानथरी नसलेल्या माणसाच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पेशींत असे न वेचलेले कण दिसतात. ज्या दोन शास्त्रज्ञांनी त्यांचे वर्णन केले त्यांच्या नावांवरून त्यांना ‘हॉवेल-जॉली कण’ म्हणतात. हे कण पुढे उपयोगी पडणार आहेत, म्हणून वाचकांनी लक्षात ठेवावेत.

पांढऱ्या गराचे काम राखणीचे. रक्तात शिरलेल्या जंतूंची ओळख पटवून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करण्याचे काम तेथे चालते. काही जंतूंच्या अंगावर बुळबुळीत वेष्टण असते आणि त्यामुळे ते इतर भक्षक पेशींच्या हाती सहज लागत नाहीत. फुप्फुसदाह व मेंदूज्वर घडवणारा न्यूमोकॉकस हा त्यांपैकी मुख्य. अशा जंतूंविरुद्ध पानथरीची राखण फार मोलाची असते.

एका थपडेची किंमत

पानथरी रक्ताने भरलेली, आतून मऊ आणि वरचे आवरण पातळ. म्हणून पोटावर मार बसला की फुटणाऱ्या अवयवांत तिचा क्रमांक वरचा असतो. त्यातच हिवतापाने ती सुजते. वारंवार हिवताप येणाऱ्या मुलखात ती वाढून बरगड्यांच्या बाहेर हाताला लागते. १८४० च्या दशकात डेम्प्स्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरने यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत लोकांची पोटे चाचपून किती जणांची पानथरी वाढली आहे ते मोजले आणि त्यावरून गावातल्या हिवतापाचे मान ठरवले. ही रीत पुढे जगभर गेली. अशी वाढलेली पानथरी किरकोळ मारानेही फुटते.

ही गोष्ट मी आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी मला फुलर खटल्याची माहिती काढायला सांगितली. १८७५ च्या ऑक्टोबरात आग्र्याला फुलर नावाचा एक इंग्रज वकील रविवारी चर्चला निघाला होता. गाडीपाशी त्याचा मोतद्दार वेळेवर हजर नव्हता. तो आल्यावर साहेबाने त्याला थपडा मारल्या आणि केस धरून ओढले. तो खाली पडला. उठून शेजारच्या आवारात गेला आणि थोड्याच वेळात मरण पावला. त्याचे नाव कटवारू. डॉक्टरी तपासणीत पानथरी फुटल्याचे निघाले. न्यायाधीशाने साधी दुखापत केल्याबद्दल फुलरला ३० रुपये दंड केला. १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी ही शिक्षा अपुरी असल्याचा ठपका ठेवला, तेव्हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या लोकांनी उलट लिटनसाहेबांवरच टीकेची झोड उठवली. नेटिवांची पानथरीच नाजूक, त्याला साहेब काय करणार, असा बचाव त्या काळी अशा खटल्यांतून केला जाई. शरीरातल्या एका अवयवाचे दुखणे असे न्यायालयात साक्षीला उभे केले जात होते, हे वाचून मला आमच्या अभ्यासक्रमातला तो काळ अधिक नीट कळला.

पानथरीवाचून माणूस

पानथरी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि तो थांबला नाही तर माणूस दगावतो. म्हणून फुटलेली पानथरी काढून टाकावी, असा शल्यचिकित्सेचा दंडक विसाव्या शतकात दीर्घकाळ होता. तिच्यावाचून माणसाचे काही अडत नाही, अशीही समजूत होती. खरे तर १९१९ साली मॉरिस आणि बुलक या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून पानथरी काढलेले उंदीर संसर्गाला जास्त बळी पडतात असे दाखवले होते. पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९५२ साली अमेरिकेत किंग आणि शुमाकर यांनी पाच तान्ह्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. रक्ताच्या एका आनुवंशिक रोगामुळे त्यांची पानथरी काढलेली होती आणि पुढे त्यांना गंभीर संसर्ग झाले. तेथून डॉक्टरांचे डोळे उघडले. पानथरी नसलेल्या माणसाला असा संसर्ग क्वचितच होतो, परंतु झाला तर तो तासांच्या हिशेबाने वाढतो. सकाळी ताप आलेला माणूस दुसऱ्या दिवशी हाती लागेल याची शाश्वती नसते.

मग पानथरी वाचवता येते का, याचा शोध सुरू झाला. टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात पानथरीला इजा झालेल्या काही मुलांना शस्त्रक्रियेवाचून, नुसते अंथरुणावर ठेवून बरे केले जात होते. १९६८ साली उपाध्याय व सिम्पसन या दोघांनी त्या अनुभवावर निबंध प्रसिद्ध केला. यांतले डॉ. उपाध्याय पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालशल्यचिकित्सेचे नामवंत प्राध्यापक झाले. आज रुग्णाचा रक्तदाब स्थिर असेल तर शक्यतो पानथरी जागेवरच बरी होऊ द्यायची, असा प्रघात आहे. पण रक्तस्राव आवरतच नसेल तर ती आजही काढावी लागते. आबांच्या वेळी तसेच झाले होते.

ती रुजते कशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काढून टाकलेली पानथरी पुन्हा आली कोठून?

आपल्याकडे पानफुटी नावाचे एक झाड असते. त्याचे पान मातीवर पडले तर पानाच्या कडेने मुळे फुटतात आणि नवी रोपे उभी राहतात. पानथरीचेही काहीसे असेच आहे. ती फुटते तेव्हा तिचा मऊ गर रक्ताबरोबर पोटाच्या पोकळीत सांडतो. शल्यचिकित्सक मुख्य अवयव काढतो, रक्त टिपून घेतो, पण डोळ्यांना न दिसणारे कण आतड्यांच्या आवरणावर, वपेच्या चरबीवर, पोटाच्या आतल्या अस्तरावर चिकटून राहतात. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की अशा तुकड्याचा मधला बराचसा भाग पहिल्या काही दिवसांत मरतो. कडेच्या थोड्या पेशी आजूबाजूच्या द्रवावर तग धरतात. मग शेजारच्या ऊतींतून बारीक रक्तवाहिन्या त्या तुकड्यात शिरतात. रक्त मिळू लागले की काही आठवड्यांत तांबडा गर पुन्हा तयार होतो, मागाहून पांढरा गरही थोडाफार येतो आणि एक चिमुकली पानथरी कामाला लागते.

मूत्रपिंडाचे किंवा जठराचे तुकडे असे संसार थाटत नाहीत, मग पानथरीलाच हे कसे साधते? मला समजले ते असे. मूत्रपिंडाला मूत्र वाहून नेणारी नळी लागते. स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला वाट लागते. पानथरीला अशी कोणतीच नळी नाही. तिचा सारा व्यवहार रक्ताशी. रक्त आत आले आणि बाहेर गेले की तिचे काम चालते. म्हणून कोठेही रक्तपुरवठा मिळाला तरी तिला पुरतो.

माणसातल्या अशा तुकड्यांचे पहिले वर्णन १८९६ साली आल्ब्रेख्ट याने केले असे मानतात. ‘स्प्लिनोसिस’ हे नाव १९३९ साली बुकबाइंडर आणि लिपकॉफ यांनी दिले. हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. अपघातात पानथरी फुटलेल्या माणसांपैकी काही पाहण्यांत दोन-तृतीयांशापर्यंत लोकांत असे तुकडे आढळले आहेत. बहुतेकांना त्यांचा त्रास नसतो, म्हणून ते कळत नाहीत, एवढेच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. काही माणसांना जन्मतःच मुख्य पानथरीशेजारी एखादी छोटी जादा पानथरी असते. दहांत एखाद्याला ती सापडते. तिला रक्त पानथरीच्याच धमनीच्या फांदीतून मिळते आणि अशा जादा पानथऱ्या संख्येने थोड्या असतात. स्प्लिनोसिसच्या गाठी जन्माच्या नसतात, इजेनंतर आलेल्या असतात. त्या पुष्कळ असू शकतात, बहुधा तीन सेंटिमीटरहून लहान असतात आणि जेथे रुजल्या तेथल्याच वाहिन्यांतून रक्त घेतात.

गाठी आणि गैरसमज

या गाठी बहुधा पोटात सापडतात. पण अपघातात पोट आणि छाती यांमधला पडदा फाटला असेल तर छातीतही जातात. जुन्या टाक्यांच्या खुणेखाली कातडीतही त्या मिळाल्या आहेत. फार क्वचित मेंदूपर्यंतही पोचल्याची नोंद आहे. तेव्हा गर नुसता सांडूनच पसरतो असे नव्हे, रक्तातून वाहतही जात असावा.

खरी अडचण अशी, की सोनोग्राफीत आणि स्कॅनमध्ये ही गाठ साधी गाठ म्हणूनच दिसते. यकृतावर असली तर यकृताचा कर्करोग वाटतो. छातीत असली तर फुप्फुसाचा. ओटीपोटात असली तर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या विकाराशी गल्लत होते. पोटात विखुरलेल्या असल्या तर कर्करोग सर्वत्र पसरला असे वाटते. इजा आणि गाठी सापडणे यांत सरासरीने दहा वर्षांचे अंतर असते, छातीतल्या गाठींत त्याहून दुप्पट. तोवर रुग्णालाही अपघात आणि ह्या गाठी यांचा संबंध सुचत नाही. अशा गैरसमजापायी रुग्णांचे पोट पुन्हा उघडले गेल्याची, औषधोपचाराची तयारी झाल्याची आणि अखेर पानथरीच निघाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. सुईने तुकडा काढणेही निर्धोक नाही, कारण ही रक्ताने भरलेली ऊती असल्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो.

मग ती ओळखायची कशी? पहिली खूण रक्तात सापडते. ज्याची पानथरी काढली आहे त्याच्या रक्तात ते हॉवेल-जॉली कण दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर आत कोणीतरी वेचण्याचे काम करत आहे, असा संशय घ्यावा. १९७८ साली अमेरिकेतील पिअर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रीतीने, पेशींवरच्या खळग्यांवरून, अपघातानंतर पानथरी काढलेली २२ मुले तपासली. त्यांतल्या १३ मुलांत पानथरीचे काम पुन्हा सुरू झाल्याचे दिसले. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी तिला पुनर्जन्म पावलेली पानथरी म्हटले आहे.

पक्की खूण अणुवैद्यकाच्या तपासणीने मिळते, आणि तिच्यातली युक्ती मला फार आवडली. रुग्णाचे थोडे रक्त काढून त्यातल्या तांबड्या पेशी मुद्दाम उष्णतेने जराशा बिघडवतात. त्यांना टेक्नेशियम ९९-एम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडतात आणि ते रक्त पुन्हा शिरेत सोडतात. बिघडलेल्या पेशी पकडणे हा पानथरीचा धर्मच. त्यामुळे जेथे जेथे पानथरीचा अंश असेल तेथे तेथे ह्या पेशी गोळा होतात आणि कॅमेऱ्यात ती जागा उजळून दिसते. कर्करोगाच्या गाठीला हे काम येत नाही. टेक्नेशियमची तीव्रता सहा तासांत निम्मी होत जाते, म्हणून शरीरात ते फार काळ राहत नाही.

आबांची ही तपासणी आम्ही पुण्याला जाऊन केली. पडद्यावर आठ ठिपके उजळले. स्कॅनमध्ये जेथे गाठी होत्या, नेमके तेथे. आबांनी विचारले, “म्हंजी ही माजीच हाय न्हवं?” मी हो म्हणालो. म्हैस अजून आमच्याच गोठ्यात आहे.

उपकार की अपकार?

अशा गाठींचे पुढे काय करायचे? त्रास नसेल तर काही करू नये, असे उत्तर आहे. क्वचित एखादी गाठ देठाशी पिळवटते, आतड्याला अडथळा करते किंवा तिच्यातून रक्तस्राव होतो, तेव्हा ती काढावी लागते. दुसरी अडचण निराळी आहे. काही रक्तविकारांत पानथरी स्वतःच्याच रक्तपेशींचा किंवा बिंबिकांचा अति नाश करते, म्हणून ती मुद्दाम काढतात. अशा रुग्णात चुकून सांडलेला गर रुजला तर बरा झालेला रोग परत येऊ शकतो. एकाला जो उपकार वाटावा तोच दुसऱ्याला अपकार ठरतो.

मग आबांसारख्या माणसाला तो उपकार आहे का? मला वाटले होते, पानथरी परत आली, आता काळजी मिटली. पण डॉक्टरांनी माझी ही समजूत दुरुस्त केली. ह्या तुकड्यांना मूळ पानथरीसारखी मोठी धमनी नसते, त्यांच्यातून वाहणारे रक्त थोडे असते आणि पांढरा गर बहुधा तोकडा असतो. कण वेचण्याचे काम त्या करतात, पण राखणीच्या कामाचा त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्प्लिनोसिस असूनही जीवघेण्या संसर्गाने दगावलेली माणसे आहेत. फुटलेल्या पानथरीच्या चकत्या मुद्दाम वपेत शिवून ठेवण्याचा प्रयोगही शल्यचिकित्सकांनी केला आहे. त्यानेही पूर्ण संरक्षण मिळते असे सिद्ध झालेले नाही.

म्हणून पानथरी काढलेल्या प्रत्येकाने न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी यांच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या असतात. ताप आला तर घरगुती काढ्यावर दोन दिवस काढायचे नसतात, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो आणि पानथरी नाही हे पहिल्याच वाक्यात सांगायचे असते. कुत्रे चावले तरी तीच घाई हवी. हिवतापाच्या मुलखात मच्छरदाणी चुकवू नये. आबांना यातले काहीही कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर त्या धांदलीत ते कोणाला कळले नव्हते. इतकी वर्षे ते ताप अंगावर काढून उसाला पाणी देत राहिले. हे कळल्यावर कर्करोग नसल्याच्या आनंदापेक्षाही, मागे कितीदा आपण थोडक्यात वाचलो असू, या विचाराने माझी झोप उडाली. आता त्यांच्या लसी झाल्या आहेत.

समारोप

ह्या साऱ्या प्रकारातून मी काय शिकलो, ते थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शस्त्रक्रिया झालेली माणसे आहेत आणि पुष्कळांच्या घरी त्या शस्त्रक्रियेचा कागद नाही. आबांचे डिस्चार्ज कार्ड आईने लुगड्यांच्या ट्रंकेत जपून ठेवले होते, पण ते कशासाठी जपायचे हे तिला माहीत नव्हते. त्या कार्डावरचा पानथरी काढल्याचा इंग्रजी शब्द घरात पहिल्यांदा वाचला गेला तो गेल्या वर्षी. तोवर तो कागद आमच्या घरात मुका होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपण मुलामुलींनी सुट्टीत घरी गेल्यावर एवढे एक काम जरूर करावे. आईवडिलांच्या, आजोबा-आजींच्या अंगावरच्या टाक्यांची विचारपूस करावी, कोणत्या साली, कशासाठी, काय काढले हे एका कागदावर लिहावे आणि डॉक्टरकडे जाताना तो बरोबर न्यावा. त्याला शास्त्रशाखेची पदवी लागत नाही.

आबांचे ते कार्ड आता माझ्या गुणपत्रिकांच्या फायलीत आहे. त्याच्या मागे मी मराठीत लिहून ठेवले आहे : ‘पानथरी काढलेली आहे. पोटातल्या गाठी पानथरीच्याच आहेत. सुई घालू नये. ताप आल्यास ताबडतोब दाखवावे.’ आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, आणि मग खिशात ठेवायला त्याची एक नक्कल मागितली.